चुडाव्याकडून आलेली तार

निघतंय की, निघत का न्हाई – सगळं निघतंय ह्या कंप्युटरमधून, कुठला खांब, कुठली केबल, कुठल्या गावाला कुठून लाइन गेली – पण कशाला पाहिजे ते आधी नीट सांगा. चपला बाहेर काढल्या ना? बरं. ह्या खोलीत धूळ चालत न्हाई. माणसं चालतात, पण इचारून. बसा त्या स्टुलावर. तर तुमी पुण्याहून आलाव, जिल्ह्यात नवी केबल टाकायची हाय, तिचं डिझाइन तुमच्याकडं. त्याच्यासाठी आमची सगळी माहिती फ्लॉपीत भरून न्यायची, तिकडं तुमच्या मशिनीत घालायची, मग ती मशीन आख्ख्या परभणी जिल्ह्याच्या तारांचं जाळं मांडून दाखवणार आणि कुठली तार कामाची, कुठली फालतू, ते बी तीच सांगणार. असंच ना? हां. लेटर बघितलं मी तुमचं. सही हाय, शिक्का हाय. पण सही-शिक्का कशावर बी असतोय, साहेब.

आडनाव काय म्हणलात – औंढेकर? ह्या आडनावावरून काहीच कळत न्हाई बघा. न्हाई, मला नव्हतं इचारायचं. पण सध्या जो तो आडनाव इचारायलाय – टपरीवर, एसटीत, दवाखान्यात सुद्धा – विद्यापीठाच्या नावाचं पुन्हा निघालंय ना, कोण म्हणतंय संक्रांतीला होणार, कोण म्हणतंय होऊच देणार न्हाई, आणि गावागावात लोक एकमेकाच्या तोंडाकडं बघायलेत. असल्या दिवसांत एक अनोळखी माणूस येतो आणि म्हणतो, जिल्ह्यातली कुठली तार कुठून जाती ते मला द्या. तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं? पाट घालून बसवलं असतं? तुमाला ते डिझाइन दिसतंय, मला दुसरंच दिसायलंय. कुठं एक कात्री मारली की कोणतं गाव मुकं होतंय, हे एका नजरेत कळतंय त्या नकाशावर. मग मला शक येणार न्हाई का?

बरं, लावते. हे बघा, पूर्णेकडचा भाग. वाचा तुमीच. न्हाई, कीबोर्डला हात लावू नका, नुसतं वाचा, मी खाली सरकवते. – काय? कुठं बोट ठेवलंत? ही व्हय. चुडावा स्टेशन ते पंपहाऊस. हां, लांबनं जाती ती. गावाची लाइन रस्त्यानं सरळ आलीय आणि ही रुळाच्या कडंनं वळसा घालून, ओढा ओलांडून. जाऊ द्या ना, कालव्याच्या पंपाची असंल. – बंद हाय का म्हणता? तुमाला कोण म्हणलं बंद हाय? इथं तर तसं काही लिहिलेलं न्हाई. मग? अंदाजानं? पुण्याचा माणूस, आज सकाळी एसटीतनं उतरला, आणि शेकडो तारांमधली हीच एक तार बंद असंल असा अंदाज केला. बरं. करा अंदाज.

खामखा शक घ्यायची मला सवय लागलीय म्हणा. पण ती लागली कशी ते बी ऐका. तुमी अठ्ठ्याहत्तर साली कुठं होता? शाळेत असाल. मी तवा पूर्णेच्या एक्स्चेंजात बोर्डावर होते. बोर्ड म्हणजे भोकं पाडलेलं लाकडाचं कपाट, कानाला यंत्र लावून बसायचं, ह्या भोकातली दोरी त्या भोकात घालायची, ह्याचा आवाज त्याला. त्या गावाला – नाव सांगत न्हाई मी, तुमाला समोर दिसतंयच – आख्ख्या गावाला एक फोन, चावडीशेजारी पोस्टात. त्या फोनवरनं पंडित गुरुजी बोलायचे कधीमधी. बौद्धवाड्यातले, शाळेवर मास्तर. लय अदबीनं बोलायचे – ताई, परभणी मिळंल का, सवडीनं द्या. दुसरे लोक काय बोलायचे ते सांगायला नको, बोर्डावरची बाई म्हणजे त्यांना नोकरच वाटायची. तोंड नव्हतं बघितलं मी त्यांचं, पण आवाज चांगला ओळखीचा.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला, ते दिवस. दुपारची वेळ होती, माझी ड्युटी सुटायला आली होती. गुरुजींचा आवाज आला – ताई, पोलीस द्या लवकर, माणसं वाड्याकडं निघालीत, हातात टेंभे हायेत. मी दोरी घातली. ठाण्यात घंटी वाजली, तिकडून माणूस हॅलो म्हणला, आणि गुरुजी गेले. गेले म्हणजे आवाज गेला. माणूस फोन ठेवतो तवा कानात खट्ट होतंय, साहेब. तार तुटती तवा काहीच होत न्हाई. नुसती विहीर. मी ठाण्यातल्याला म्हणलं, अहो, असं असं हाय, गाडी पाठवा. तो म्हणला, तुमी स्वतः बघितलं का? न्हाई. तक्रार कुणाची? मी नाव सांगितलं. तो म्हणला, त्यांनाच बोलू द्या, लाइन दुरुस्त झाली की. – लाइन दुरुस्त झाली की.

गुरुजी रानातनं पळत चुडाव्याला गेले. तिथला स्टेशन मास्तर कुठला तरी लांबचा, तिकडच्या मुलखातला, पण माणूस भला – रेल्वेचा फोन दिला त्यानं गुरुजींच्या हातात. त्यावरनं परभणीला निरोप गेला, गाडी निघाली. पण पोचली तवा वाडा जळून खाली बसलेला. माणसं पळाली होती उसात, ओढ्यात, जिकडं वाट दिसंल तिकडं. गुरुजींचा थोरला भाऊ चंद्रभान, त्याला अर्धांगवायू झालेला, उठता येत नव्हतं – त्याची बायको कडूबाई, तिनं त्याला ओढत दारापस्तोर आणला म्हणे. दारापस्तोरच. पुढचं सांगत न्हाई मी.

तार कुणी तोडली? तुमी इचारलं न्हाई, पण तुमच्या तोंडावर दिसायलंय. पोलिसांनी लिहिलं, अज्ञात इसम. असू द्या अज्ञात. थोड्या दिवसांनी पंचमी आली. लेकीबाळी माहेरी जातात, मी बी गेले. त्याच गावात, व्हय – म्हणजे त्याच्या जवळच. झाडाला झोका बांधलेला, घरोघर पुरणाची दिंडं केलेली, आणि एका अंगणात लिंबापासून गोठ्यापस्तोर नवी तार ओढलेली, धुणं वाळत घालायला. आधी तिथं सुताची दोरी असायची. उन्हात ही तार अशी लाल चमकायलेली. तांब्याची तार कुणाच्या घरात असती साहेब? बाजारात तसली मिळत न्हाई. खांबावर असती नुसती, आणि मला ती डोळे झाकून कळती. तिच्यावर माझ्या आईचं लुगडं वाळत होतं.

... आईचं म्हणलं का मी? हं. म्हणलं असंल.

तर काय. आई म्हणली, तुझ्या भावाला रानात सापडली. मी भावाला गाठलं गोठ्यात. म्हणलं, ही कुठली तार? तो बैलाला वैरण टाकत होता, माझ्याकडं वळला बी न्हाई. म्हणला, तू तुझा बोर्ड सांभाळ, गाव आमी सांभाळतो. तेवढंच. मी त्याला म्हणलं, चंद्रभान जळाला. तर म्हणला, मी काडी लावली न्हाई. खरंय ते. काडी त्यानं लावली न्हाई. मी दिंड तोंडाला न लावता संध्याकाळच्या गाडीनं परत आले, आणि तवापासनं पंचमी न्हाई मला. आई मेली तवा गेले, तेराव्याच्या आधी आले. हे मी कुणाला सांगितलं न्हाई, माझ्या मालकाला सुद्धा अर्धंच माहीत हाय, आणि तुमाला का सांगायले कुणास ठाऊक. बघा, खाली काही लिहू नका. पेन ठेवा आधी.

आता ही तार. पंपहाऊस-बिंपहाऊस काही न्हाई तिथं. कालव्याचं काम निघालं होतं, तवा चुडाव्याकडनं खांब रोवले होते, पुढं काम बंद पडलं, खांब राहिले. तीन-चार वर्षांमागं बौद्धवाड्याला सार्वजनिक फोन मंजूर झाला, गुरुजींनी अर्जामागं अर्ज करून आणला तो, आणि चालवायला कडूबाईला दिला. मी तवर परभणीला सुपरवायझर झाले होते. लाइनमन आश्रुबा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणला, वच्छलाबाई, लाइन चावडीवरनं न्यावी लागंल, पुढं तुमच्या भावाच्या बांधावरनं. त्याला मालूम होतं का, न्हाई, मला माहीत न्हाई. अठ्ठ्याहत्तरला ती तुटलेली तार त्यानंच जोडली होती, केवढी तार कमी पडली ते त्यानं बघितलं असंल. मी म्हणलं, आश्रुबा, चुडाव्याचे खांब अजून उभे हायेत का? म्हणला, दोन कललेत, बाकी ठीक. म्हणलं, मग तिकडनं आणा. तो म्हणला, कागदावर काय दाखवू? मी म्हणलं, पंपहाऊस दाखवा. पंपाची तार तोडून कुणाला काय मिळतंय? – आश्रुबा आता रिटायर हाय, झरीला शेती बघतो. त्याला जाऊन इचारू नका. म्हातारा माणूस, त्याला बेजार करायचं न्हाई.

फायदा काय झाला म्हणता? मागल्या साली रस्ता रोको झाला, गावची तार पुन्हा गेली. कुणी तोडली, अज्ञात इसम. गावातले सगळे फोन बंद, आबासाहेबांचा सुद्धा – आबासाहेब म्हणजे तिथले जुने पाटील, त्यांच्या शब्दाबाहेर गाव न्हाई. आणि त्यांची धाकटी सून आडली. रस्त्यावर झाडं पाडलेली, गाडी जाईना. कुणीतरी म्हणलं, वाड्यातला फोन चालू हाय. आबासाहेब स्वतः चालत गेले, साहेब. ज्या वाड्याकडं माणसं निघाली तवा ते ओट्यावर बसून होते, त्या वाड्यात. कडूबाईनं स्टूल पुढं केलं, नंबर फिरवला, फोन त्यांच्या हातात दिला. दवाखान्याची गाडी कच्च्या रस्त्यानं वाड्याच्या बाजूनंच आली, सून वाचली, पोरगी झाली. मला हे कडूबाईनंच फोनवर सांगितलं. मी म्हणलं, कसं वाटलं? ती म्हणली, काय वाटायचंय, पोरीचा काय गुन्हा.

पण तवापासनं गावाला कळलं, वाड्याची तार गावातनं येत न्हाई. कुठून येती ते शोधायला लागले.

आणि आता तुमची मशीन. ती काय म्हणणार ते मला आत्ताच ऐकू यायलंय – जिथं दीड-दोन किलोमीटरमध्ये भागतंय तिथं एवढा वळसा कशाला, ही तार काढा, सगळं चावडीवरनं घ्या. बरोबर हाय तिचं. लांबी बघणार, खांब मोजणार. पण एखादी तार लांबनं का आली, हे कुठल्या रकान्यात भरायचं? हाय का रकाना तुमच्याकडं? – शेरा? शेऱ्याचा रकाना हाय. आणि तो मशीन वाचती का? न्हाई ना. मग माणूस वाचतो का? ... तुमी वाचता. हं. बघू.

आता माझ्या एका गोष्टीचं उत्तर द्या, मघापासनं टाळायलाव. ही तार बंद हाय असं तुमाला कुणी सांगितलं? सांगा की. मी एवढं सांगितलं, तुमी एक नाव सांगा. – ठेकेदार? खोदकामाचा ठेकेदार. ज्याला चर खणायचं काम मिळालंय तो. स्टँडवर भेटायला आला होता, उद्या त्याच्याच जीपमधनं तुमी गावं बघायला जाणार. आणि तो म्हणला, रुळाकडची एक मेलेली तार हाय, तेवढी नकाशातनं काढून घ्या, नवी केबल माझ्या बांधावरनं न्या, मी जागा फुकट देतो. नाव काय त्याचं?

...

भुजंगराव.

... न्हाई, काही न्हाई. पाणी नको. बसा.

तुमाला ठाऊक नव्हतं. व्हय, दिसायलंय की. तुमाला कसं ठाऊक असणार. मीच मूर्ख, शक घ्यायचा तो घेतला आणि सांगायचं नव्हतं ते सगळं सांगून बसले. आता लपवून उपयोग न्हाई. त्याला ठाऊक हाय, तुमाला ठाऊक हाय, पंपहाऊस आता कुणाला फसवत न्हाई. सरका जरा. मी टाइप करते, तुमी बघा, चूक झाली तर सांगा. पंपहाऊस खोडलं. बौद्धवाडा, सार्वजनिक फोन. चालवणार – कडूबाई चंद्रभान. स्थिती – चालू. मार्ग – चुडाव्याकडून, बदलू नये. शेरा – काय लिहू? काळी जमीन, खांब कलतात, असं लिहिलं असतं सकाळी. न्हाई. लिहिते – गावातली तार तोडली जाते, म्हणून. माहिती देणार – वच्छलाबाई, सुपरवायझर, परभणी. एंटर. झालं. आता हे कार्यालयाच्या कंप्युटरात बी हाय आणि तुमच्या फ्लॉपीत बी. काढायचं तर आता कुणाला तरी सही करून काढावं लागंल.

घ्या फ्लॉपी. खिशात न्हाई, वाकती, पिशवीत ठेवा. आणि उद्या जीपमध्ये भुजंगरावानं इचारलं, तार जिवंत हाय असं कोण म्हणलं, तर सरळ सांगा – तुमची बहीण म्हणली. माझ्याकडं काय बघायलाव? उठा. मला एसी बंद करायचाय.