सहाव्या रोजाचा घास

या मंडळी, असे जवळ सरका! खांबाला टेकलेल्यांनो, तुम्हीसुद्धा! आज अशी गोष्ट सांगतो, की ऐकून हातातले टाळ थांबले नाहीत तर उद्या मला नारळ देऊ नका!

आधी सांगा — उपास मोठा कधी? धरल्यावर, की मोडल्यावर? काय म्हणता आजी, धरल्यावर? बरोबर! आपण एकादशी अशी धरतो, अशी धरतो — की द्वादशीला डब्यात साबुदाण्याचा दाणा सापडत नाही! हसू नका, ऐका.

निंबोणी गावात बानूबी पिंजारीण. कापूस पिंजायची, गाद्या भरायची. रमजान झाला, ईद झाली, की पुढचा महिना शव्वाल. त्यात आणखी सहा रोजे धरतात. सक्ती नाही बरं! खुशीचे! रमजानवर हे सहा, म्हणजे वर्षभर रोजे धरल्याचं पुण्य, ही त्यांची श्रद्धा. बानूबीचं दरवर्षी पाचावर अडायचं. कधी ताप, कधी पाहुणे. यंदा सहावा धरला — आणि तो महिन्याचा तिसावा दिवस! संध्याकाळी नवा चंद्र, शव्वाल संपला! घशात कापसाची कुसं, पाण्याचा थेंब नाही, तरी बाई खुशीत!

आणि शेजारी काय? सगुणाक्काची तरणी लेक चंपू — सरपणात हात घातला, साप डसला, वैद्य येईस्तोवर संपली! विठ्ठल, विठ्ठल! सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी कडू घास आणून भरवतात. पण सगुणा तोंड उघडेना. एक दिवस, दोन दिवस, तीन! नुसतं पाणी. भावकी थकली.

शेवटी त्या सहाव्या रोजाच्या सांजेला बानूबी पिठलं-भाकरी घेऊन गेली.

"आक्का, एक घास."

"ने ते ताट."

"चंपू माझ्या ओसरीवर जेवायची. उपाशी आई बघवंल तिला?"

सगुणा हलली. भाकरी मोडली! पण घास कुठं गेला? बानूबीच्या तोंडाशी!

"आधी तू. चंपू असंच करायची गं. पहिला घास मला द्यायची."

बानूबीनं दाराकडं पाहिलं. ऊन अजून उंबऱ्यावर. अजान झाली की रोजा सुटणार, तिला अर्धा तास. एवढं वर्षाचं पुण्य, आणि एवढासा अर्धा तास! समोर तो घास धरलेला हात. रोजा आहे म्हटलं, तर हात खाली जाणार. आणि परत उचलायचा नाही.

टाळ थांबवा! सांगा, काय करावं तिनं?

बानूबीनं — तोंड उघडलं!

चावला! गिळला! आणि मग सगुणा जेवली हो! एक घास, दोन घास, अर्धी भाकरी!

तेवढ्यात नणंद हमीदा खजूर घेऊन दारात. "भाभी, चलो, अजानची येळ—" आणि बानूबीच्या ओठाला पिठलं दिसलं, खजूर जमिनीवर!

"या अल्ला! रोजा तोडला? आज? आखरी दिन?"

सगुणा दचकली. "कसला रोजा? ईद तर झाली की!"

हमीदानं सगळं सांगितलं — सहा रोजे, वर्षाचं पुण्य, आणि मोडलेला रोजा उद्या भरून द्यायचा. सगुणानं कपाळ बडवून घेतलं. "बानू! माझ्या दारात तुझं वर्षाचं पुण्य बुडालं! तोंडानं बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते, तर जेवली असतीस?"

चंद्र दिसला. महिना गेला.

मोडलेला रोजा भरून द्यायचा म्हणून बानूबी दुसऱ्या पहाटे सहेरीला उठली — रोजाआधीचं ते खाणं. दारावर थाप! कोण? सगुणाक्का! हातात गरम भाकरी. तिच्या चुलीतनं धूर निघत होता मंडळी! चूल पेटवली होती तिनं!

"खा लवकर. उजाडायच्या आत. पहिला घास तुझा."

पुण्य बुडालं की तरलं? मला विचारू नका, मी अजून हादरलेला आहे! आपण काय करतो? दुःखाच्या दारात जातो, 'मला आज चालत नाही' म्हणतो, आणि सोवळे राहून परत येतो! पुढल्या एकादशीला फराळाचं ताट ओढाल, तेव्हा आधी बघा, आळीत कुणाची चूल थंड आहे. आणि त्या घटकेला, माझ्यासाठी एवढं करा — बानूबी पिंजारणीची आठवण काढा.