प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

खिडकीतली बाई : काका, यावर शिक्का मारू कुठे?

भाऊजी : कुठेही मारा, मॅडम. कागद चांगला जाड आहे.

खिडकीतली बाई : जाड कागद नाही, जाड प्लास्टिक आहे. हे बघा, मारून दाखवते. आता बोट फिरवा त्यावरून.

भाऊजी : पुसला की हो!

मेहुणी : पुसणारच! भाऊजी, तिन्ही दाखले लॅमिनेट केलेत? तुमच्या जन्माचा, लग्नाचा आणि ताईच्या मृत्यूचा?

भाऊजी : माझं दुकानच झेरॉक्स-लॅमिनेशनचं. आयुष्यभर जगाचे कागद जपले, घरचेच उघडे ठेवू?

मेहुणी : काय सांगू तुम्हाला, बाई. आमच्या गल्लीत यांनी एक कागद उघडा सोडला नाही. माझ्या मुलाचं प्रगतिपुस्तक पहिल्या चाचणीनंतरच लॅमिनेट करून दिलं. दुसऱ्या चाचणीचे मार्क शाळेने लिहायचे कुठे?

भाऊजी : पहिल्या चाचणीत पहिला आला होता तो. पुढचं कुणी सांगावं? म्हटलं, आहे ते टिकवू.

खिडकीतली बाई : हसू आवरत नाही हो काका, पण तुमचं काम अडलंय. हे कागद परदेशात चालायचे तर आधी इथला शिक्का, मग वरच्या मजल्यावर परराष्ट्र खात्याची पट्टी. दोन्ही उघड्या कागदावरच.

भाऊजी : मग सोलतो ना. इस्त्री मिळेल का कुठे? गरम केलं की सुटतं.

मेहुणी : सुटतं, आणि अक्षरंही घेऊन जातं!

भाऊजी : हिच्या ताईच्या दाखल्याला तर दुहेरी प्लास्टिक आहे. सारखा हातात घ्यायचो, मऊ पडायला लागला होता.

खिडकीतली बाई : मग तो राहू द्या तसाच, घरी. तळमजल्यावर नोंदणी कक्ष आहे, तिथून नव्या प्रती काढा. आज गर्दी नाही. खिडकी बंद व्हायच्या आत आणल्यात तर मी आजच्या आज करून देते. घाई आहे का फार?

मेहुणी : फार म्हणजे फार. संध्याकाळचं कुरिअर हुकलं की तिकडची तारीख गेली. पुढची कधी मिळेल ते कोणी सांगत नाही.

खिडकीतली बाई : कसली तारीख?

भाऊजी : आहे एक… काम. तिकडे.

मेहुणी : लग्न आहे.

खिडकीतली बाई : अरे वा! मुलीचं का?

मेहुणी : यांचं!

खिडकीतली बाई : अय्या! काका, लाजताय काय? कुठे भेटल्या त्या?

भाऊजी : दुकानातच. परदेशातल्या लेकीकडे कायमची निघाली होती, कागदांच्या प्रती काढायला आली. म्हटलं, लॅमिनेट करून देतो, फुकट. तर म्हणाली, खबरदार हात लावाल तर!

मेहुणी : बघा! तिला कळत होतं.

भाऊजी : त्यावरून भांडण जुंपलं. आणि ते भांडण पुरं करायला ती रोज यायला लागली. जाईपर्यंत पुरं झालं नाही. मग फोनवर चालू झालं.

खिडकीतली बाई : आता पळा खाली. मी वाट बघते.

(तळमजला. नोंदणी कक्षाबाहेरचं बाकडं.)

मेहुणी : जन्माच्या दाखल्याचा अर्ज झाला. कारण, परदेशात विवाह. लग्नाच्या दाखल्याचाही झाला. आणि या तिसऱ्यावर कारणाची जागा कोरी का?

भाऊजी : पेन अडकतंय.

मेहुणी : पेनाला काही झालेलं नाही.

भाऊजी : तिच्या मृत्यूचा दाखला मागायचा आणि कारण काय, तर मला लग्न करायचंय! बरं दिसतं का हे?

मेहुणी : तिकडच्या लोकांना पुरावा हवाय म्हणून मागतोय आपण. तुम्ही हौसेने थोडाच मागताय?

भाऊजी : ते कळतं गं. पण तुझ्यादेखत लिहायचं म्हणजे… तू तिची सख्खी बहीण. इतके दिवस माझ्यासाठी ऑफिसांचे उंबरे झिजवतेयस, आणि मी तुला एकदाही विचारलं नाही, तुला काय वाटतं ते.

मेहुणी : मग विचारा की.

भाऊजी : भीती वाटते.

मेहुणी : माझी? मी काय खाते का तुम्हाला?

भाऊजी : तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. आणि मला जायचंय.

मेहुणी : वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू? तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत ना, तेव्हा घरी जाऊन रडले. गॅसवरची भाजी करपली तरी उठले नाही. ताईच्या घरातला माणूस दुसरीकडे जाणार, हे गळी उतरेना.

भाऊजी : मग?

मेहुणी : मग एकदा तुमच्याकडे डबा घेऊन आले, तर तुम्ही आत फोनवर खिदळत होतात. तुम्ही! ताई गेल्यापासून त्या घरात खालच्या दुकानातल्या मशीनच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. मी दाराबाहेर जिन्यात बसून राहिले. म्हटलं, हसू दे माणसाला पोटभर. ऐकता ऐकता मलाच हसू यायला लागलं, काय विनोद चाललाय ते ठाऊक नसताना.

भाऊजी : म्हणून त्या दिवशी जेवण गार होतं?

मेहुणी : दगड झाला होता भाताचा. तुम्ही मिटक्या मारत खाल्लात.

भाऊजी : मला कळलंच नाही.

मेहुणी : तेच तर म्हणतेय! तेव्हाच ठरवलं, यांना पाठवायचं. आता लिहा. आणि ठळक लिहा, चोरी करताय का?

भाऊजी : लिहितो. हे घे, बघ.

मेहुणी : छान. द्या तो रुमाल इकडे, माझा कुठे गेला कोण जाणे.

(पुन्हा शिक्क्याची खिडकी.)

खिडकीतली बाई : आलात? आणा इकडे. उघड्याच आहेत ना प्रती? वाटेत कुठे मशीन नव्हतं ना?

मेहुणी : पिशवी मी सोडलीच नाही हातातून.

खिडकीतली बाई : शाब्बास, मावशी. हा जन्माचा. झाला. हा लग्नाचा. झाला. आणि हा… हा जरा हलक्या हाताने मारते हं, काका.

भाऊजी : मारा, मॅडम. नीट उमटू दे.

खिडकीतली बाई : उमटला. वरच्या मजल्यावर मी फोन करून सांगते, लगेच पट्ट्या लावतील. आणि लग्नाचा फोटो पाठवा मला. तो हवा तेवढा लॅमिनेट करा!

मेहुणी : चला भाऊजी, आधी वर जाऊ.

भाऊजी : गुडघ्यांना सांग ते. थांब जरा… हं, चल.

(थोड्या वेळाने, इमारतीबाहेर.)

मेहुणी : लागल्या एकदाच्या पट्ट्या! आता समोर कुरिअर. भाऊजी, तुमचा फोन वाजतोय.

भाऊजी : तिचाच असणार. तू घे. माझ्या हातात कागद आहेत.

मेहुणी : मी? मी काय बोलू? आमची ओळख ना पाळख.

भाऊजी : घे गं. तिकडे जीव टांगणीला लागला असेल तिचा.

मेहुणी : हॅलो… नाही नाही, मी यांची मेहुणी… हो, झालं सगळं! तिन्ही दाखले पक्के, आता कुरिअरमध्ये टाकतोय… आहेत ना, समोरच उभे आहेत. कागद छातीशी धरून… अहो, त्रास कसला त्यात? बरं, एक आत्ताच सांगून ठेवते. यांना तहान लागली तरी बोलत नाहीत, आपणच पाणी पुढे करायचं. आणि रुसले की एका जागी जाऊन बसतात. बसू द्यायचं. भूक लागली की येतात… मी? एवढ्या लांब?… खरंच यायचं म्हणता?… बघते हं. येईन, येईन. पण मला अहो-जाहो नका करू. मी लहान आहे तुमच्याहून… हो, अगं म्हणा… देते त्यांच्याकडे. थांबा हं, ताई.