वर्तणुकीचा दाखला

नाही हो मॅडम, कोण म्हणतं मारलं? पडला तो. विहिरीच्या पायरीवरनं पाय सरकला आणि पडला, झालं — शेवाळ किती आहे ते तुम्ही येताना बघितलंच असेल, पंप चालू असला की पायऱ्या ओल्याच राहतात, त्यात ह्याच्या पायात गुळगुळीत तळाचे बूट. तुम्ही लिहा, पडला. आणि आधी बसा. त्या खाटेवर नको, तिथं केळी वाळत घातलीत, ह्या बाकावर बसा. सुकेळी माहीत आहेत ना? तुम्ही कुठल्या — साताऱ्याकडच्या? मग नसतील माहीत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि उन्हात वाळवायची, आमच्या आगाशीचं जुनं काम आहे हे. एक खाऊन बघा. ड्यूटीवर चालत नाही? राहू दे मग.

नताशाच्या त्या दाखल्यासाठी आलात, हो ना? मी तिची आई, लूर्डस. तिचे वडील आलोशियस — नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. ती आता ठाण्याला, ऑफिसात, सातला येते. तुम्हाला काय विचारायचं ते मला विचारा. तिचं काम काय, तर रेल्वेचे ब्रेक. बनवत नाही, आखते — कॉम्प्युटरवर. एवढी मोठी गाडी किती अंतरात थांबेल त्याचं गणित तिच्या डोक्यात. त्यासाठी तिला झेक देशातल्या एका कंपनीनं बोलावलंय, शहराचं नाव ब्र्नो, मला अजून नीट म्हणता येत नाही. तिथं राहायला परवाना लागतो, आणि हा साध्या कामगाराचा नाही — खास शिकलेल्यांचा, ज्यांच्यासारखं काम तिकडे पटकन कुणाला जमत नाही त्यांचा. निळं कार्ड म्हणतात. त्याला डिग्री लागते, करारपत्र लागतं, बोटांचे ठसे लागतात, आणि हा तुमचा दाखला — ह्या बाईच्या नावावर गुन्हा नाही म्हणून. आमच्या आळीतून गल्फला गेले ढीगभर, बोटीवर गेले, पण असं — आम्हाला तूच हवीस, ये — असं पत्र आजवर कुणाला आलं नव्हतं.

मागच्या वर्षी दिला होता की तुमच्याच ठाण्यानं. एक हवालदार आले होते, दोन प्रश्न विचारले, आणि थोड्या दिवसांत दाखला हातात, स्वच्छ. मग परत कशाला? कारण तो जळला. म्हणजे — कागद आहे, जळतो. गॅसजवळ होता. नाही, बरोबर आहे तुमचं, स्वयंपाकघरात कोण फाइल ठेवतं? ठेवला नव्हता. धरला होता. ग्लेननं धरला होता, जावई माझा. आता निघालंच तोंडातून तर ऐका, पण लिहू नका.

ग्लेन गाड्यांच्या शोरूममध्ये आहे, विरारला. गळा गोड, चर्चच्या गायनमंडळात पहिल्या रांगेत. रस्त्यात दिसला तर माझ्या हातातली पिशवी आधी घेणार. मीच पसंत केला होता. तो दोन वर्षं गल्फमध्ये होता, तिथून त्याला कंपनीनं परत पाठवलं, ते त्याच्या मनात सलत होतं — आणि मग बायकोला हे पत्र आलं. फॉर्ममध्ये नवऱ्यासाठी एक रकाना होता, बायकोच्या परवान्यावर येणारा माणूस म्हणून. त्या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, 'म्हणजे मी तुझं सामान?' आणि मारली. पहिली. कानाखाली. आठवडाभर तिच्या डाव्या कानात घंटा वाजत होती. ती इथं आली, ह्याच ओटीवर बसली, आणि मी काय केलं? पेज केली, जेवू घातलं आणि तिसऱ्या दिवशी विरारच्या बसमध्ये बसवून परत पाठवली. बरोबर सुकेळ्यांचा पुडा दिला, जावयाला आवडतात म्हणून. असं का बघता? तुमचं लग्न झालंय ना? आलोशियस मला पंप बंद करायला विसरले म्हणून मारायचे, कालवणात मीठ जास्त झालं म्हणून मारायचे — कमरेच्या पट्ट्यानं, बकलाच्या बाजूनं. सत्तावीस वर्षं. आणि गेले तेव्हा मी मनापासून रडले. मला वाटायचं, एवढं असतंच. माझ्या अंगावर निभावलं तर हिच्याही निभावेल.

मग ती फाइल. डिग्री दिल्लीहून शिक्के मारून आली होती, करारपत्र, तुमचा दाखला, सगळं एकत्र. त्यानं ते शेगडीवर धरलं, आणि ती ओढायला गेली तर तिचं मनगट पकडून तळहात त्याच जाळावर धरला. मोजत होता, मॅडम. मोठ्यानं. एक, दोन, तीन — आणि सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली ती हाताला रुमाल गुंडाळून. मी विचारलं नाही. मला दिसलं नाही असं नाही — मी बघितलं नाही. तिनं डाव्या हातानं जेवण केलं आणि गेली, आणि मी गेटापर्यंतसुद्धा गेले नाही. पण पोर चिवट. विद्यापीठातून डिग्रीची दुसरी प्रत काढली, शिक्क्यांसाठी परत दिल्लीला पाठवली, कंपनीला लिहिलं की थोडं थांबा, ते थांबले. त्याला काही कळू दिलं नाही. सगळ्या चिठ्ठ्या, पावत्या ऑफिसच्या खणात.

ठशांचा दिवस ठरला. मंगळवार, दिल्लीला, दहाही बोटांचे. आदल्या रविवारी झावळ्यांची मिस्सा होती, ईस्टरच्या आठवडाभर आधीची प्रार्थना. चर्चबाहेर लोक झावळ्यांचे क्रूस हातात घेऊन उभे, ही गाडीत बसत होती, हात दाराच्या कडेवर — तेवढ्यात तिच्या फोनवर दिल्लीच्या विमानाच्या तिकिटाचा मेसेज आला आणि तो त्यानं वाचला. त्यानं दार लावलं. एकदा लागलं असतं तर चुकून म्हणता आलं असतं. त्यानं उघडलं, बघितलं, आणि परत लावलं. उजव्या हाताची तीन बोटं. तिचं ओरडणं ऐकून आमची आग्नेस धावली, शेजारीण माझी, तिनं रिक्षात घालून इथं आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? नताशानं तोंड उघडलं होतं, मॅडम. ती सांगणार होती. आणि मी म्हणाले, 'वाऱ्यानं दार लागलं.' मी म्हणाले. डॉक्टरांनी तेच लिहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

ह्यावेळी मात्र परत पाठवली नाही हो. तेवढं तरी. मंगळवार आला. जेव्हा तिनं दिल्लीत असायचं तेव्हा ती इथं ओटीवर प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती, आणि दुपारी हा आला. मी वाडीत घड उतरवत होते. त्याचा आवाज ऐकला, गोडच होता, चल म्हणाला, झालं गेलं विसर, आठवडा पवित्र आहे. ती नाही म्हणाली. लग्नाला पाच वर्षं झाली, त्याला ती नाही म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मग मला धडपड ऐकू आली. केळींच्या मधून बघते तर त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि तिला वाडीतून फरफटत गेटाकडे नेत होता. ती रडत नव्हती. प्लास्टरचा हात तेवढा वर धरला होता तिनं, कुठं आपटू नये म्हणून, आणि पायांनी मातीत रेघा ओढत चालली होती. विहिरीपाशी मी त्याला गाठलं. पायरी खरी आहे, मॅडम. शेवाळ खरं आहे. पडला तेही खरं. पण आधी मी मारलं.

कोयता होता हातात. उलट्या बाजूनं मारला, बोथट बाजूनं, ज्या मनगटाला वेणी होती त्यावर. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि वेणी सुटली. तिथं थांबले असते तर तुम्हाला सांगायला मला कसली अडचण होती? कुणीही आई असती तर तेवढं केलं असतं. तो गुडघ्यावर आला, 'आई' म्हणाला — मला म्हणाला का त्याच्या आईला, कोण जाणे — आणि मी परत मारला. कोपरावर. तो हात आता सरळ होत नाही त्याचा. तो पायऱ्यांवर पालथा गेला, तोंड फुटलं, पाण्यात रक्त, आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं. तुम्हाला खरं सांगू? बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत अंगाला कधी बरं वाटलं नव्हतं तसं. मग मी कोयता हातात फिरवला. धार खाली केली. त्याची मान माझ्यासमोर होती. घड उतरवताना दांडा कुठं तोडायचा ते हाताला ठाऊक असतं, बघावं लागत नाही — तसा माझा हात वर गेला होता. आणि नताशा मध्ये आली. त्याच्या अंगावर वाकली आणि प्लास्टरचा हात तिनं त्याच्या मानेवर आडवा ठेवला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, 'आई, मला जायचंय. तू हे केलंस तर मी जाऊ कशी?'

तो हात तिथं नसता तर आज तुम्ही दाखल्यासाठी आला नसता.

लिहिणं का थांबवलंत? लिहा की आता.

त्यानं ठाण्यात येऊन काय सांगितलं ते तुमच्या कागदात आहेच — बायकोनं कोयत्यानं मारलं. सासूनं मारलं सांगायची लाज, आणि बायकोचं नाव घातलं की तिचा परवाना मेला, एका दगडात दोन पक्षी. तिला बोलावलं. मी बरोबर होते, शेजारी उभी. साहेबांनी विचारलं, तुम्ही मारलं? आणि ती म्हणाली, हो, मीच. मी ऐकत होते. मी काही बोलले नाही. परत. उजव्या हाताची तीन बोटं प्लास्टरमध्ये असलेली बाई कोयता उचलून एका धडधाकट माणसाचं हाड कसं मोडेल, हे तिथं एकानंही विचारलं नाही, आणि मीही म्हटलं नाही की विचारा. घरी आल्यावर ती म्हणाली, कोर्ट मला सोडेल, तुला नाही सोडणार, तू गप्प राहा. मी राहिले. मला गप्प राहायला सांगावं लागत नाही. अकरा महिने झाले, केस लटकलीये, तो त्याच्या आईकडे, ही इथं. बोटं वाकडी जुळली. तरी गेल्या महिन्यात ती दिल्लीला जाऊन आली, ठसे दिले. तिथल्या मुलीनं काचेवर एकेक बोट धरून दाबलं, दुखतं का विचारलं. ठसे चांगले उमटले म्हणाली. आता सगळं आहे. हा एक दाखला नाही.

माहीत आहे मला, नावावर गुन्हा असताना तुम्ही तो देणार नाही. म्हणून तर पडला म्हणायचं ठरवलं होतं. सकाळपासून पाठ करत होते, चप्पल म्हणायचं का बूट, ते सुद्धा. तिलाही सांगितलं नाही की तुम्ही आज येणार म्हणून, फोन मीच घेतला होता. पण ते मला जमत नाहीये. ते खोडा. लिहा — मी मारलं, तीनदा हात उचलला, दोनदा लागला, तिसऱ्यांदा मुलीनं अडवला. नाव माझं लिहा, पूर्ण. इथं नाही चालत? ठाण्यात, साहेबांसमोर सांगावं लागेल? बरं. आणि हे पण घ्या लिहून, की तुमच्या लोकांनी जो कोयता नेला तो दुसराच होता, त्याला कधी पानसुद्धा लागलं नव्हतं. खरा माझ्या पलंगाखाली आहे, गोणपाटात. तुम्हीच काढा तो. मी हात लावत नाही.

तिला फोन नको. नको म्हणते ना. ती धावत येईल आणि दारातच म्हणेल, मीच मारलं, आणि तुमचे साहेब आधी तिचंच ऐकतील, शिकलेली आहे, नीट बोलते. तिच्या आधी मला तिथं पोचू दे, माझं बोलून, सही करून होऊ दे. त्यानं दाखला मिळेल का? सांगता येत नाही — असं स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. संध्याकाळी मला परत सोडतील का, तेही नाही सांगता येत? बरं. आग्नेसकडे किल्ली ठेवते, ती सांगेल तिला.

दोन मिनिटं द्या, गाऊनवर कशी येऊ? साडी नेसते. — झालं, चला. तुम्ही पुढं व्हा, मी गेट लावते. आणि मॅडम, वाटेत काही विचारू नका मला. जे आहे ते आता साहेबांसमोर.