भाऊजी, खटका निघालाय!

...आणि वर हसून म्हणते काय, तर "भाऊजी, निघालाय!" निघालाय! अहो, आता? आता निघून तो करणार काय? नाही, तुम्ही हसू नका, तुम्हाला सांगतो, माझ्या जागी तुम्ही असता तर फोन भिंतीवर आपटला असता. मी नाही आपटला. का, तर भिंतही माझी आणि फोनही माझाच... पण थांबा, असं मधूनच नको, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा त्या बिचारीवर उगाच तोंडसुख घेतोय.

आमच्या बाबांची गाडी. जुनी म्हणजे किती जुनी, तर ती बनवणारी कंपनी बुडाली, त्या कंपनीला विकत घेणारी कंपनीही बुडाली, गाडी आपली आहे तिथे उभी. मला शाळेत सोडलं ते त्या गाडीतून, आईला दवाखान्यात नेलं ते त्या गाडीतून आणि एकटेच परत आले तेही तिच्यातूनच. तर तिचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार लागेनासं झालं. खटका गेला. खटका म्हणजे दार ओढलं की 'ठप्प' करून धरून ठेवतो ना, तो. मी काय केलं, अतिशहाणा ना मी, दाराला दोरी बांधली. बाबा म्हणाले, "सोड ती दोरी. बांधून न्यायला मी काय गाठोडं आहे?"

बरं, तेव्हा बाबांची अवस्था काय, तर हृदय अर्धंच चालतंय, पाय सुजलेले, पलंगावरून खिडकीपर्यंत जायचं म्हणजे मोहीम. डॉक्टरांनी मला बाहेर नेलं आणि खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरनं खांद्यावर हात ठेवला ना, की समजायचं औषधं संपली. म्हणाले, "त्यांना जे हवं ते द्या." आणि आमच्या बाबांना हवं काय? गोड नको, तिखट नको, नातेवाईक तर मुळीच नकोत! "मला एकदा माझ्या जागेवर बसून दार लावायचंय. ठप्प आवाज आला पाहिजे." संपलं. सगळ्या आयुष्याचं शेवटचं मागणं, आणि ते अडलं कशावर, तर मूठभर लोखंडावर!

गॅरेजवाल्या काकांना विचारलं. त्यांनी पुस्तक चाळल्यासारखं दार दोनदा उघडलं-मिटलं आणि म्हणाले, "इथे विसरा. तिकडे परदेशात जुन्या गाड्यांचे म्हातारे असतात, त्यांच्या शेडमध्ये मिळेल. पण ते पार्सल करत नाहीत. स्वतः या नि घेऊन जा म्हणतात." आता मी जाऊ? बाबांना असं टाकून? तर आमची ही म्हणते, "अहो, माझ्या बहिणीची मैत्रीण आहे ना तिकडे! पर्सनल शॉपर!" म्हटलं, म्हणजे काय असतं? म्हणे, लोकांसाठी दुकानं हिंडते, हवं ते शोधते, घेते, पाठवून देते. काय शोधते? पर्सा, अत्तरं, लग्नातले बूट. म्हटलं, अगं, बूट शोधणारी बाई खटका कुठून शोधणार? "बाईनं मनावर घेतलं की काहीही सापडतं," असं म्हणून हिनं माझ्या शर्टाच्या खिशाकडे असं पाहिलं की मी सरळ नंबरच मागितला.

केला फोन. बाई गोड, नाही म्हणवत नाही, बाई अतिशय गोड. "भाऊजी, खटका म्हणजे दिव्याचं बटण ना? आमची आजी म्हणायची." म्हटलं, नाही हो, गाडीच्या दाराचा. "अच्छा अच्छा! रंग कोणता?" रंग! अहो, तो दाराच्या आत असतो, त्याचं तोंड कुणी बघत नाही! "तरी भाऊजी, मॅचिंग असलेलं बरं." म्हटलं, काळा घ्या, पांढरा घ्या, पण डावा घ्या. डावा का, तर काका म्हणाले होते डावा. आणि इथंच, तुम्हाला सांगतो, इथंच माशी शिंकली.

थोड्या दिवसांनी फोन. "भाऊजी, निघालाय!" आला. रिबीन बांधलेल्या डब्यात, तलम कागदात, सुवासिक! काकांनी वास घेतला, उलटा केला, म्हणाले, "हा दुसऱ्या बाजूचा." म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना डावा? "डावाच! असे गाडीच्या तोंडासमोर उभे राहा, ड्रायव्हरच्या दाराकडे कुठला हात येतो?" डावा. फोन केला, तर ती म्हणते, "मी तर आत बसून डावा धरला, भाऊजी. गाडीत बसतात ना? समोर कोण उभं राहतं?" समोर कोण उभं राहतं... जो मरायला टेकलाय तो उभा राहतो, बाई!

म्हटलं, डावं-उजवं सोडा, ड्रायव्हरच्या बाजूचा पाठवा. यात तरी चूक होईल? "निघालाय!" आला. पुन्हा तोच! का? तर तिकडे ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला बसतो! मग मी डोकं शांत ठेवून, एकेक शब्द चावून सांगितलं, गाडीच्या मागे उभ्या राहा, आता तुमच्या उजव्या हाताला जे दार येईल, ते. कळलं? कळलं. "निघालाय!" आला. डिकीचा! म्हणे, "तुम्हीच म्हणालात ना, मागे." आमचा खटका आला नाही, पण खटके मात्र रोज उडायला लागले.

आणि बाबा? अहो, तेच तर सांगायचंय! ज्या माणसानं भिंतीकडे तोंड केलं होतं तो सकाळी डोळे उघडले की पहिलं विचारणार, "निघाला का?" म्हटलं, निघालाय बाबा. की उठून बसणार. दोन घास खाणार. चुकीचा आला की मी कपाळ बडवतोय आणि हे उशीला टेकून हसतायत! "आण तो फोन इकडे. मी समजावतो पर्सनलबाईला." आणि समजावणार! पलंगाला गाडी करून, "हे बघ पोरी, ही उशी म्हणजे बॉनेट, मी बसलोय इथे..." ती तिकडून "हो काका, हो काका". काही कळत नव्हतं तिला, पण ऐकायची हो. आम्ही इतकं कुठे ऐकलं त्यांचं? डॉक्टर आले, नाडी धरली, म्हणाले, "सुधारणा आहे. नवीन काय चालू केलंत?" म्हटलं, चुकीचे पार्ट.

मग एकदा स्वयंपाकघरात ही हळूच म्हणाली, "अहो... बरोबरचा आला तर?"

बस, एवढंच बोलली आणि ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती. तुम्हाला सांगतो, मी इतका कधी घाबरलो नव्हतो. डॉक्टरांच्या हातानं नाही, ओट्यावरच्या त्या फडक्यानं घाबरलो. म्हणजे आजवर ज्या बाईच्या नावानं मी शंख करत होतो ती बाई चुका करत होती म्हणून आमचा बाप जेवत होता!

गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं, फोन लावला. म्हटलं, हे बघा, या वेळीसुद्धा चुकीचाच पाठवा हं. अगदी मनापासून म्हटलं! हात जोडून म्हटलं! तर तिकडून रडवेला आवाज. "भाऊजी, टोमणे कळतात मला." अहो, टोमणा नाही! खरंच चुकीचा हवाय! "राहू दे भाऊजी. लागलं मला. आता बघाच तुम्ही." आणि ठेवला फोन.

आता आपल्या भाषेत मला सांगा, माणसानं गोड आवाजात 'या वेळीसुद्धा चुकीचाच पाठवा' म्हटलं तर ते खरं कसं वाटावं? कुणाला वाटेल? जन्मभर आम्ही टोमण्यानं बोललो, आणि एकदा, एकदाच सरळ बोललो, तर तोही टोमणाच!

बाई पेटली. आपली गिऱ्हाइकं सोडून कुठल्या तरी गावाबाहेरच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये गेली, आमच्यासारखीच गाडी उघडून घेतली, आत बसली, समोर उभी राहिली, मागे उभी राहिली, खटका काढून घेतला, फोटो धाडला. "आता बोला! निघालाय!" फोटो काकांनी पाहिला. म्हणाले, "हाच." मी म्हटलं, नीट बघा. "हाच हो." मी म्हटलं, काका, पुन्हा एकदा बघा ना...

आला. बसला. अगदी मापात. बाबांना खुर्चीत बसवून खाली नेलं, स्टिअरिंगपाशी बसवलं, मी दुसऱ्या बाजूनं आत शिरलो. बाबांनी दार ओढलं. ठप्प! पुन्हा उघडलं. पुन्हा ठप्प. काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं, मी शाळेत जायचो तेव्हा ठेवायचे तसंच. मला म्हणाले, "उतर, शाळा आली." मी हसलो. मग मला हसवेना. बाबा म्हणाले, "झालं. चल वर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताट घेऊन उभा. डोळे उघडले, मला पाहिलं, पण विचारलंच नाही. मीच म्हटलं, बाबा, आरसा मागवू या का? डावा? आत बसून डावा, की समोरून डावा, तुम्ही समजावा तिला. तर म्हणाले, "आता काही नको रे. सगळं बसलं." आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर फार दिवस नाही काढले त्यांनी.

आणि काल हा फोन. झालं काय, आमच्या हिनं रडत रडत बहिणीला सगळं सांगितलं, की आम्हाला खरंच चुकीचा हवा होता, आणि बहिणीनं अर्धवटच पोचवलं मैत्रिणीला. आमच्याकडे निरोपसुद्धा चुकीच्याच बाजूचा पोचतो. तर ती म्हणते, "सॉरी हं भाऊजी, मला टोमणा वाटला! पण काळजी करू नका, तुमच्या बाबांसाठी मुद्दाम शोधून अगदी चुकीचा धाडलाय. निघालाय!"

म्हटलं, बाई... इकडूनही निघाले.

तर सवयीनं विचारते, "हो? ट्रॅकिंग नंबर आला का?"