सत्ताविसावी बंदूक

...नाही, पण मला एक सांगा, बंदुका काय कमी होत्या हो? माणसं काय आमच्या गेमची वाट बघत गोळ्या झाडायची थांबली होती? त्या एका नोव्हेंबरात बाजारात गोळीबाराचे सव्वीस व्हिडिओ गेम येणार होते, सव्वीस! कुठे वाळवंटात, कुठे चंद्रावर, एकात तर सशांच्या हातात मशीनगन... आणि सत्ताविसावे आम्ही, फिनलंडातल्या कायानी गावचे! गावातली कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा सरकारी बाई म्हणाली, "ओस्मो, कागदाला भविष्य नाही, गेमला आहे!" म्हणून वीस वर्षं कागद कापलेला माणूस मी, पुन्हा शाळेत गेलो, आणि शेवटी चार वर्षं काय केलं, तर बंदुकीचे आवाज काढले! गोठलेल्या तळ्यावर फळ्या आपटायच्या, कपाटं आपटायची, दारं आपटायची... बायको म्हणायची, "घरातलं एक दार धड ठेवलं नाहीस, मेल्या!" आवाज झकास झाले, तुम्हाला सांगतो. पण बंदुका काय कमी होत्या?

पैसा लंडनच्या कंपनीचा, आणि तिचा माणूस नायजेल. तो आला की हात पसरून, "मित्रांनो! अद्भुत! अप्रतिम!" आणि आम्ही आपले बुटांकडे बघायचो, कारण आमच्याकडे अप्रतिम फक्त मेलेल्या माणसाला म्हणतात, तेही नीट पुरल्यावर. मग हाच नायजेल आवाज खाली आणून म्हणाला, "पहिल्या आठवड्यात दोन लाख खपले नाहीत तर तुमचा हा गेमचा स्टुडिओ बंद." झालं! बावीस माणसं आम्ही, त्यातली नऊ गिरणीतून आलेली. म्हणजे एकदा बुडालेलीच.

म्हणून नायजेलने जर्मनीहून लुट्झला आणलं. हा लुट्झ गेम खेळतो आणि बारा लाख माणसं घरी बसून त्याला खेळताना बघतात... का बघतात विचारू नका. तर थेट प्रक्षेपण चालू, समोर आमचा मुख्य, टापानी, इस्त्रीचा शर्ट घालून. लुट्झ विचारतो, "बाजारात सव्वीस गेम आहेत. लोकांनी तुमचाच का घ्यावा?"

टापानी विचार करायला लागला. खरोखरचा विचार! अकरा सेकंद, मी मोजले! आमच्याकडे पटकन उत्तर देणारा माणूस काहीतरी गळ्यात मारायला आलाय असं समजतात... आणि आम्ही गळ्यात मारायलाच बसलो होतो, हे कुणाच्या ध्यानातच नाही! शेवटी टापानी घसा खाकरून म्हणाला, "बरा आहे... पण सशांचाही चांगला आहे."

काय सांगू, आमचे डोळे भरून आले हो! स्वतःच्या पोरीच्या लग्नात हा माणूस एवढंच बोलला होता, "जमलं." तो टापानी चारचौघांत म्हणतो, बरा आहे! लगेच बायकोचा फोन, "काय रे हा टापानी! साऱ्या जगापुढे एवढी फुशारकी शोभते का?" आणि नायजेल? जमिनीवर बसला होता, डोकं धरून. "बनवणाऱ्यालाच आवडला नाही म्हणतायत लोक!" संध्याकाळपर्यंत निम्मी आगाऊ मागणी रद्द, आणि सशांचा खप वाढला. टापानीच्या शब्दावर!

मग आला तो मंगळवार. दुपारी बारा वाजता गेम बाजारात. चाळीस जण जमले की डाव सुरू, शेवटी जिवंत राहील तो जिंकला. पडद्यावर आकडा, एकोणीस. त्यातले अठरा आम्हीच! टापानीने सगळ्यांच्या घरी फोन लावले, माझी बायको बसली, तिची बहीण बसली, गावचा दाताचा डॉक्टर पेशंटला खुर्चीत तसाच ठेवून बसला, तेव्हा कुठे दोन वाजता चाळीस झाले. मला खेळता येत नाही हो, मी आवाजवाला! गेलो गेममधल्या एका खड्ड्यात, शेकोटी पेटवली, बसलो. कारण आमच्या गेममध्ये सगळा बर्फ, आणि गंमतच ती, उघड्यावर स्वस्थ उभा राहिलास की गारठून मेलास.

आणि तेवढ्यात नायजेलचं पत्र आलं. दोन ओळी. आठवडाभर वाट बघायचीही गरज वाटली नाही, स्टुडिओ आजपासून बंद. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. टापानीने सगळ्यांना कॉफी ओतली, म्हणाला, "असं आहे तर." मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण काय करणार? मी आपला खड्ड्यात, शेकोटीत लाकडं घालतोय... घालतोय... आणि एकदम तुतारी वाजली! "तुम्ही जिंकलात!" मी? मी!! जगात पहिला! उडी मारून उठलो, मागे वळून बघतो, तर सगळे आपापल्या खुर्चीत वाकून नोकरीचे अर्ज लिहितायत, आणि त्यांचे शिपाई बर्फात उभ्याउभ्या गारठून मेलेले. घरचे-बाहेरचे बाकी सगळे केव्हाच सशांकडे निघून गेलेले.

मीच तेवढा खेळत राहिलो होतो. आता तुम्हीच सांगा, अठ्ठावन्नाव्या वर्षी बंदुकीचा आवाज काढणाऱ्याने अर्ज लिहायचा तरी कुणाला?