अक्का, अजून एकदा रडा

शूटिंगला रीळ बरं की डिजिटल, असं विचारता ना? मग गेल्या वर्षीचं शिंदखेड्याचं ऐका. माझ्या लघुपटात मुलाच्या मरणाची बातमी ऐकणारी आई हवी होती. गावातल्याच सुमनअक्का तयार झाल्या. पहिल्याच टेकला त्या अगदी खऱ्याखुऱ्या रडल्या. महागड्या रिळावर शूट करत असतो तर तिथेच थांबलो असतो. पण मी पुन्हापुन्हा रडायला लावलं. "अजून एकदा, अक्का. डिजिटल आहे, काही खर्च नाही."

अक्का डोळे पुसत अहिराणीत म्हणाल्या, "तुना खर्च नही व्हस भाऊ, मना व्हस. मना पोऱ्या खरंच गयेल शे."

स्वतःचा मुलगा गमावलेल्या आईला मी टेकमागून टेक रडवत होतो. लघुपटात पहिलाच टेक ठेवला. तो चांगला आलाय, हे मला तेव्हाच कळलं होतं.