अक्का, खाली बस!

इंचरा : चार वाजता शिष्यवृत्तीच्या परीक्षक बाई नाच बघायला येणार, आणि तू हे आत्ता सांगतोयस, देवय्याण्णा? बारा वाजता? माझ्या आईचं चित्रान्न खाऊन झाल्यावर?

देवय्या : उपाशीपोटी धीर होईना.

स्पूर्ती : इंचरा, तू थांब जरा. देवय्या, परत एकदा सांग. नीट.

देवय्या : सकाळी सरांचा फोन आला. त्यांच्या नाचाच्या कंपनीला बेल्जियमच्या दौऱ्यासाठी एक जण कमी पडतोय. तीनला तालमीला हजर राहा म्हणाले, नाहीतर दुसरा बघतो.

स्पूर्ती : कमी पडतोय तो एक जण म्हणजे मी. मी सोडलेली जागा.

देवय्या : हो.

इंचरा : वा! अक्कानं नऊ वर्षं घासून गुळगुळीत केलेली जागा. जा, बस. अजून गरम असेल.

स्पूर्ती : उद्या जा रे. मी सरांच्या पाया पडते, हवं तर.

देवय्या : सर 'उद्या' ऐकतात? तुझं कधी ऐकलं?

स्पूर्ती : मग मी काय करू? दोन महिने हा एकच नाच बसवलाय, तोही तुझ्या अंगावर. बाईंना पसंत पडला तर वर्षभर पगार, तालमीला जागा, आणि नाच बसवण्याशिवाय दुसरं काम नाही. नाही पडला तर उद्या हे मंगल कार्यालयसुद्धा नाही. आषाढात मल्लेश्वरमात कुणी लग्न करत नाही, म्हणून मॅनेजरनं वापरू दिलं. आज अमावस्या. उद्या श्रावण लागला की इकडे लग्नं सुरू, मग इथं मांडव.

इंचरा : अक्का, मग तूच नाच ना!

स्पूर्ती : नियम आहे. बसवणाऱ्यानं नाचायचं नाही.

इंचरा : मी होते स्पूर्ती. तुझा चष्मा दे. मी गंभीर चेहरा करून कोपऱ्यात बसते, तू माझं नाव लावून नाच.

स्पूर्ती : त्या मला ओळखतात गं. पण... विचारायला काय हरकत आहे? नाचणारा ऐनवेळी सोडून गेला म्हणावं. एकदाच नाचू द्या. फोन कुठंय माझा?

देवय्या : कर फोन. पहिल्या दिवसापासून तुला तेच हवं होतं.

स्पूर्ती : म्हणजे?

देवय्या : दोन महिन्यांत तुझं एकच वाक्य ऐकलंय मी. 'असं नाही, माझ्यासारखं.' सरही हेच म्हणतात. नक्कलच करायची तर पगार देणाऱ्याची करतो.

इंचरा : देवय्याण्णा!

स्पूर्ती : बोलू दे त्याला.

देवय्या : तुझा खांदा मागं वळतो. माझा वळत नाही. चौदाव्या वर्षी निखळला होता. ठाऊक होतं तुला?

स्पूर्ती : सांगितलं नाहीस कधी.

देवय्या : विचारलं नाहीस कधी.

इंचरा : अक्का, रागावू नकोस, पण मी रोज शाळा सुटली की इथं येऊन बसते. तो सुरू करतो, मी दहा मोजेपर्यंत तू उठून त्याच्या शेजारी नाचायला लागलेली असतेस. आठवडाभर मला वाटत होतं हा जोडीचा नाच आहे!

स्पूर्ती : ...किती वाजले?

देवय्या : साडेबारा. एकला निघायलाच हवं.

स्पूर्ती : एकदा कर. सगळा. तुझा खांदा नेईल तसा. मी समोर बसते.

इंचरा : मी तिच्या ओढणीवर बसते, म्हणजे उठणार नाही.

(देवय्या नाचू लागतो.)

स्पूर्ती : अरे, तिथं उजवा पाय...

इंचरा : अक्का, खाली बस!

स्पूर्ती : चुकतोय तो.

इंचरा : चुकू दे.

स्पूर्ती : इथं तीनदा लोळायचं आहे. लोळतच नाहीये. नुसता हात टेकून थांबलाय. अजून थांबलाय...

इंचरा : ओरड ना मग. अक्का? तू रडतेयस?

स्पूर्ती : गप. बघू दे.

देवय्या : झालं. मध्ये अडकलो, माफ कर. खांद्यानं ऐनवेळी घाबरवलं.

स्पूर्ती : तू थांबलास ना, त्याच्यापुढचं सगळं मला वरातीतलं वाटलं. माझंच. नुसती शोभा.

देवय्या : मग आता?

स्पूर्ती : अर्धा नाच पुसून टाकायचा. त्या थांबण्यापासून पुन्हा सुरू करायचं, तुला विचारून विचारून. तीन आठवडे तरी लागतील.

देवय्या : माझ्याकडे तीन मिनिटं नाहीत, स्पूर्ती. असं दोन महिन्यांपूर्वी बोलली असतीस तर...

स्पूर्ती : जा तू. आणि सरांना पहिल्याच दिवशी खांद्याचं सांग. ते विचारणार नाहीत. त्यांच्या नाचात मला चौदा वेळा माणूस उचलावा लागायचा.

देवय्या : सांगतो. येतो मी. इंचरा, आईला सांग, चित्रान्न फार छान होतं.

इंचरा : सांगणार नाही.

स्पूर्ती : गेला?

इंचरा : गेला. जिन्यात दोनदा थांबला, पण गेला. अक्का, आता बाईंना मी विचारते. तुला नाचू द्या म्हणते. मला फोनवर छान रडता येतं.

स्पूर्ती : नको. येऊ नका म्हणून सांग. नाच तयार नाही.

इंचरा : अगं, जागा जाईल, पगार जाईल, सरांची नोकरी तर तू आधीच सोडलीस! दोन महिन्यांत तयार कसा नाही, विचारतील त्या. काय सांगू?

स्पूर्ती : सांग, मी तो आजच पाहिला.